भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा
(ज्युबिलीनिमित्त नांदगांव येथें भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत आपण कोणत्या विषयावर बोलणार, असें मंडळाच्या चिटणिसांनीं आम्हांस विचारलें, तेव्हां "झोंपेवर" असें उत्तर आम्हीं दिलें. त्यावर जो हशा पिकला तो अजून आमच्या कानांत आहे. मंडळांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं हात जोडून म्हटलें, "फादर, आपलें प्रवचन सुरू झालें कीं त्या विषयाचा अभ्यास आम्ही दर रविवारीं करतोंच कीं!" थट्टा चांगली होती, पण ती आमच्या वर्मीं कां लागली हें त्यांस ठाऊक नव्हतें. तें आज आम्हांस आपणांपुढें सांगावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचे एक बंधु दर रविवारीं शेवटच्या बांकावर, खांबाच्या आडोशास बसत आणि शुभवर्तमानाचें वाचन संपून लोक खालीं बसले कीं त्यांची मान छातीवर येई. एक, दोन, तीन रविवार आम्हीं पाहिलें. चवथ्या रविवारीं आम्हांस राहवलें नाहीं. देवाच्या घरीं कांहीं लोक भेटीस येतात आणि कांहीं मुक्कामास येतात, असें कांहींसें आम्ही बोललों व त्या खांबाकडे पाहिलें. लोक हंसले. ते बंधु दचकून जागे झाले, त्यांनीं इकडेतिकडे पाहिलें, आणि पुढच्या रविवारपासून ते येईनासे झाले.

महिन्याभरानें आम्ही त्यांच्या घरीं गेलों. सकाळचे अकरा वाजले होते आणि ते निजले होते. एकच खोली, खिडकीस गोणपाट लावून उजेड अडविला होता, लहान मुलें बाहेर उन्हांत खेळत होतीं, कारण आंत बोलण्याची त्यांस मनाई होती. त्यांच्या पत्नीनें आम्हांस ओट्यावरच बसविलें आणि हळू आवाजांत सांगितलें तें असें: ते मालाच्या गाडीवर चालक आहेत. शनिवारीं सायंकाळीं गाडी भरते, रात्रभर चालते आणि रविवारीं उजाडतां परत येते. घरीं येऊन एकदां अंग टाकलें तर मिस्सा चुकेल, म्हणून गाडी लावून, नळावर तोंड धुवून ते तसेच चर्चमध्यें येत. "ते तिथें झोंपायला येत नव्हते, फादर," बाई म्हणाल्या, "ते झोंप सोडून येत होते."

ह्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. ते बंधु उठल्यावर आम्हीं त्यांची क्षमा मागितली. ते पुन्हां येऊं लागले आणि आजही येतात. खांबाकडे आम्ही आतां पाहत नाहीं. परंतु त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यांतून गेला नाहीं. जें मिळेल तें आम्हीं वाचलें, वैद्यांस विचारलें, आणि मुख्य म्हणजे घरोघर भेटीस जातांना 'रात्रीं किती वेळ निजतां?' हा प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेविला. आपण पाप किती केलें हें लोक आम्हांस जितक्या सहज सांगतात तितक्या सहज आपण किती झोंपतों हें सांगत नाहींत, असा आमचा अनुभव आहे. कमी झोंपणारा त्याची बढाई मारतो आणि जास्त झोंपणारा तें लपवितो. खरा आंकडा दोघांकडूनही कळत नाहीं.

आतां, पुरेशी झोंप म्हणजे किती? अमेरिकेंतील निद्राशास्त्राच्या दोन प्रमुख संस्थांनीं २०१५ सालीं एकत्र विचार करून असें ठरविलें कीं, प्रौढ माणसास रोज रात्रीं सात तास किंवा त्याहून अधिक झोंप हवी. त्याच देशांत लोकांस विचारून घेतलेले आंकडे पाहिले तर १९८५ सालीं सहा तास किंवा त्याहून कमी निजणारे प्रौढ शेंकडा २२.३ होते, २०१२ सालीं ते शेंकडा २९.२ झाले. ही वाढ बहुतेक २००४ पर्यंत झाली, त्यापुढें आंकडा जवळजवळ तेथेंच राहिला. म्हणजे सत्तावीस वर्षांत शंभरांतील सात माणसें पुरेशा झोंपेच्या पंक्तींतून उठलीं, आणि जीं उठलीं तीं परत येऊन बसलीं नाहींत.

ह्यावरून पूर्वींचे लोक मनसोक्त झोंपत असत व आपणच कलियुगांत सांपडलों, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हांसही झाला होता. पण टांझानियांतील हाड्झा, नामिबियांतील सान आणि बोलिव्हियांतील त्सिमाने अशा, विजेच्या दिव्यांवांचून राहणाऱ्या तीन समाजांतील लोकांच्या मनगटांवर यंत्रें बांधून त्यांची झोंप मोजली गेली, आणि २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत ती सरासरी पावणेसहा ते सात तासांच्या आसपासच भरली. तेव्हां आजोबा-पणजोबांच्या नांवानें आपण गळा काढूं नये. मात्र त्या लोकांची एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे: रात्र कोणती व दिवस कोणता ह्याविषयीं त्यांच्यांत गोंधळ नाहीं, आणि झोंप येत नाहीं अशी तक्रारही त्यांच्यांत फारच विरळा आढळते.

कमी झोंपेनें काय होतें हें सर्वांस ढोबळ मानानें ठाऊक आहे. त्यांतील दोनच गोष्टी आम्ही सांगूं, कारण त्यांनीं आमचे डोळे उघडले. पहिली अशी कीं, २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी माणसांस दोन आठवडे रोज सहाच तास निजूं दिलें. पंधरवड्याच्या शेवटीं त्यांचें अवधान इतकें मंदावलें होतें कीं, एक-दोन रात्री सबंध जागलेल्या माणसाप्रमाणें त्यांच्या हातून चुका होऊं लागल्या. परंतु त्यांस विचारलें तेव्हां ते म्हणत, आम्हांस थोडी झोंप येते इतकेंच, बाकी ठीक आहे. म्हणजे ज्याची झोंप बुडते त्याची स्वतःला पारखण्याची शक्तिही तिच्याबरोबर बुडते. 'मला संवय आहे, मला चार तास पुरतात' असें म्हणणारे बंधु समोर बसले आहेत, त्यांनीं ह्याचा विचार करावा. दारूच्या गुत्त्यांतील माणूसही असेंच म्हणतो.

दारूचा उल्लेख आम्हीं उगीच केला नाहीं. १९९७ पासून झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, सतरा ते एकोणीस तास सलग जागलेल्या माणसाचा हात व नजर, रक्ताच्या शंभर मिलिलिटरांत ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंद होते. आपल्या देशाच्या मोटार कायद्यानें चालकास घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. सकाळीं सहाला उठून रात्रीं बारा वाजतां इंदूर–पुणें रस्त्यावर मनमाडच्या पुढें गाडी हाकणारा आमचा निर्व्यसनी बंधु त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो, आणि त्यास अडविण्याचें कोणतेंही यंत्र पोलिसांजवळ नाहीं.

दुसरी गोष्ट चेन्नई शहरांतील आहे, आणि ती आम्हांस फार जवळची वाटली, कारण ती गरिबांची आहे. तेथें कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं अल्प उत्पन्नाच्या ४५२ माणसांची झोंप मनगटावरील यंत्रानें मोजली. त्यांचा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. हीं माणसें रोज रात्रीं सुमारें आठ तास अंथरुणावर असत. पण प्रत्यक्ष झोंप किती? साडेपांच तास. उरलेला वेळ उकाडा, डांस, गोंगाट, शेजाऱ्याचें कोपर, बाहेरचा दिवा ह्यांत जाई. त्यांस उशा, कानांत घालण्याचे बोळे, पंखे वगैरे देऊन रात्रीची झोंप सुमारें सत्तावीस मिनिटांनीं वाढविण्यांत आली. आश्चर्य हें कीं, तेवढ्यानें त्यांच्या कामांत किंवा प्रकृतींत फारसा फरक पडला नाहीं. उलट दुपारीं, शांत जागीं, अर्धा तास निजूं दिलेल्या माणसांचें काम सुधारलें, लक्ष सुधारलें, मन प्रसन्न राहिलें. मोडकी झोंप थोडी लांबविण्यापेक्षां अखंड झोंपेचा लहानसा तुकडा अधिक उपयोगी पडला, असा आम्ही ह्याचा अर्थ करतों.

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खरी भूक असली तर कोंडाही गोड लागतो, खरी झोंप आली तर दगडही उशाला चालतो. लहानपणापासून आम्ही ही म्हण ऐकत व ऐकवीत आलों. आमच्या पवित्र शास्त्रांत तर तिचें चित्रच आहे: भावाच्या भयानें पळालेला याकोब वाटेंत रात्र झाली तेव्हां धोंडा उशाला घेऊन निजला आणि त्यास स्वर्गाच्या शिडीचें स्वप्न पडलें. परंतु याकोब एक रात्र धोंड्यावर निजला. जन्मभर धोंड्यावर निजणाऱ्यास कोणतीं स्वप्नें पडतात, हें चेन्नईच्या त्या अभ्यासावरून दिसतें. ही म्हण निजणाऱ्यानें स्वतःविषयीं म्हटली तर तिच्यांत समाधान आहे. दुसऱ्याच्या अंथरुणाकडे बोट दाखवून म्हटली तर ती निष्ठुर आहे. तारवाच्या मागच्या भागीं प्रभु वादळांत निजला होता तेव्हां त्याच्या डोक्याखालीं उशी होती, हें संत मार्कानें आवर्जून लिहून ठेविलें आहे. दुसऱ्या कोणत्याही शुभवर्तमानांत ती उशी नाहीं. मार्कास ती विसरवली नाहीं.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. येथें रात्रीं जागें कोण असतें? प्रथम रेल्वे. मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आपलें गांव आहे आणि तालुक्यांतच मनमाडसारखें मोठें जंक्शन आहे. तेथें रात्र अशी पडतच नाहीं. गाडी चालविणारे, झेंडी दाखविणारे, सांधे बदलणारे, पावसाळ्यांत हातांत दिवा घेऊन रूळ तपासत मैलोगणती चालणारे, ह्यांच्या घरचें घड्याळ आपल्या घड्याळाशीं कधींच जुळत नाहीं. आठवडाभर रात्र, आठवडाभर दिवस, असें शरीरास फिरवीत राहणें किती अवघड आहे हें अलीकडे नीट कळूं लागलें. २०१७ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबाश व यंग ह्या तीन शास्त्रज्ञांस मिळालें तें ह्यासाठींच कीं, जिवंत पेशींच्या आंत दिवसरात्रीचें एक घड्याळ चालतें, त्याची किल्ली त्यांनीं फळांवरच्या माशीमध्यें शोधून काढली. तें घड्याळ पाळीच्या तक्त्याप्रमाणें पुढेंमागें सरकत नाहीं. म्हणून रात्रपाळीहून आलेला माणूस सकाळीं आठ वाजतां अंग टाकतो तेव्हां त्याच्या शरीराची सकाळच झालेली असते. तो थकलेला असूनही त्यास चार तासांनीं जाग येते. रात्रपाळीच्या कामास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००७ सालीं, आणि पुन्हां २०१९ सालीं, कर्करोगास बहुधा कारण होणाऱ्या गोष्टींच्या वर्गांत घातलें आहे. घाबरविण्याकरितां आम्ही हें सांगत नाहीं. रात्रपाळीवाल्याच्या दिवसाच्या झोंपेस घरच्यांनीं व शेजाऱ्यांनीं आळस म्हणूं नये, एवढ्याकरितां सांगतों.

नंतर शेतकरी. ज्यांचीं घरें शेतांत आहेत त्यांस हें सांगावयास नको. पण आमच्या ज्या बंधुभगिनी मुंबईहून, वसईहून ज्युबिलीस आल्या आहेत त्यांच्यासाठीं सांगतों. शेतीपंपांस लागणारी तीन फेजची वीज कित्येक वर्षें आळीपाळीनें मिळत आली: कांहीं दिवस दिवसा आठ तास, तर कांहीं दिवस रात्रीं दहा तास. रात्रीची पाळी आली कीं कांद्याच्या वाफ्यांस पाणी रात्रींच द्यावयाचें. मोटर आपोआप सुरू होण्याची सोय झाली, पण दारें आपोआप धरलीं जात नाहींत. एक वाफा भरला कीं मातीचें दार मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यांत सोडावयाचें, आणि हें पौष महिन्याच्या थंडींत, अनवाणी, एका हातांत फावडें व दुसऱ्या हातांत बॅटरी घेऊन. सापाचें भय आहे, बिबट्याचें आहे. नवरा दारें धरतो आणि बायको बांधावर बॅटरी घेऊन उभी राहते. मग पहांटे दोघेंही घरीं येतात तों दूध काढण्याची वेळ झालेली असते. दिवसा निजण्यास ह्यांस कोण सांगणार? दिवसाची कामें दिवसाच आहेत.

शासनानें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली, २०२३ सालीं तिचा दुसरा भाग सुरू केला, २०२४ मध्यें मागेल त्याला सौर कृषिपंप अशी योजना आणली. ह्या साऱ्यांचा एक हेतु शेतीस दिवसा वीज मिळावी हाच आहे. वर्तमानपत्रांत ह्यांचा हिशोब मेगावॉटमध्यें मांडतात. आमच्या एका शेतकरी बंधूंनीं तो आम्हांस निराळ्या मापानें सांगितला: "फादर, शेतावर पाट्या बसल्या, तेव्हांपासून मुलाला रात्रीं गोष्ट सांगतों."

शेजारच्या मालेगांवीं यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत रात्रंदिवस चालतात. त्यांविषयीं स्वतंत्र बोलावें लागेल. आपल्या भागांतून ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें पहांटे तीनला फडांत उतरतात. कांद्याच्या दिवसांत बाजार समितीच्या दाराशीं ट्रॅक्टरांची रांग आदल्या रात्रींच लागते आणि माणसें ट्रॉलीखालीं गोणपाट टाकून पडतात. आणि स्त्रिया! मनमाडची पाण्याची टंचाई सबंध महाराष्ट्रास माहीत आहे. तालुक्यांतील गांवोगांव उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहिली जाते. नळ रात्रीं दोनला येवो कीं पहांटे चारला, हंडे घेऊन उठते ती घरांतील बाई. आम्हीं जो प्रश्न घरोघर विचारला त्याचें उत्तर पुरुषांनीं तासांत दिलें, स्त्रियांनीं बहुधा असें दिलें, "सगळ्यांचें झाल्यावर निजतें, सगळ्यांच्या आधीं उठतें." हें उत्तर ऐकून आपण त्या माउलीची स्तुति करतों आणि तिच्या हातचा दुसरा चहा घेतों. आम्हींही घेतला आहे.

मोबाइलविषयीं फादर बोलणारच, अशी तरुण मंडळींची अपेक्षा आहे, म्हणून थोडें बोलतों. डोळ्यांजवळ धरलेला उजेड मेंदूस अजून दिवस आहे असें भासवितो हें खरें. त्याहून खरें हें कीं, त्यांतील गोष्ट कधीं संपत नाहीं. आमचाही फोन आम्हीं गेल्या उपवासकाळापासून रात्रीं कार्यालयांत ठेवण्यास आरंभ केला आहे. आजारी माणसाकडे बोलावणें आलें तर घंटा ऐकूं येईल इतपत दार उघडें ठेवितों. परंतु ह्या तालुक्यांतील झोंपेचा सर्व दोष मोबाइलच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. ज्याची झोंप त्याच्या पोटासाठीं विकली गेली आहे त्यास मोबाइल बंद करण्याचा उपदेश करणें म्हणजे उपाशी माणसास कमी खाण्याचे फायदे सांगण्यासारखें आहे.

झोंप विकली जाते, हा शब्दप्रयोग कोणास अतिशयोक्तीचा वाटेल. त्यांनीं मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पहावा. आरंभीं गिरण्या सूर्योदयास सुरू होत व सूर्यास्तास बंद होत. तेवढा वेळही कांहीं थोडा नव्हे. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या केल्या त्यांत रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, आणि काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावें, ह्या होत्या. रविवारची सुटी १८९० च्या जूनमध्यें मिळाली. आज आपण रविवारीं मिस्सेस येतों आणि सबंध देश त्या दिवशीं विसांवा घेतो, त्यांत ह्या सत्यशोधक गृहस्थाचा वाटा आहे हें आपल्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल. पण पुढें काय झालें? गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्ताची जी मर्यादा होती ती एका बटणानें पुसली गेली, आणि १९०५ च्या सुमारास कामाचे तास चौदा-पंधरावर गेले. वर्तमानपत्रांत ओरड झाली, कामगार खवळले, चौकशीस कमिशन बसलें, आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्यानें कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांस दिवसाचे बारा तास अशी हद्द घातली गेली. दिवा हा चांगलाच. पण तो लावल्यावर विझवावयाचा केव्हां हें ठरविण्यास सहा वर्षें आणि एक कायदा लागला.

आमच्या मनांत खोल रुतलेली एक घटना आहे, ती सांगितल्याशिवाय हें भाषण पुरें होणार नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदींत जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारे वीस मजूर आपल्या गांवीं, मध्य प्रदेशांतील शहडोल व उमरिया जिल्ह्यांत, परत जाण्यासाठीं भुसावळच्या दिशेनें लोहमार्गानें पायीं निघाले. रात्रभर चालून ते इतके थकले कीं, गाड्या बंद आहेत अशा समजुतीनें त्यांतील बहुतेक रुळांवरच निजले. ८ मे रोजीं पहांटे सव्वापांचच्या सुमारास, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ, मालगाडीखालीं सांपडून सोळा जण मेले. चालकानें भोंगा वाजविला, गाडी थांबविण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांस जाग आली नाहीं. रुळांवर त्यांच्याबरोबरच्या चपात्या विखुरलेल्या होत्या. रिकाम्या तेलवाघिणींची ती गाडी मनमाडजवळच्या पानेवाडीस, म्हणजे आपल्याच तालुक्यांत, येत होती. ज्यांस भोंग्यानें जाग येत नाहीं अशी झोंप आपणांपैकीं किती जणांनीं अनुभविली आहे? आणि निजेला धोंडा ही म्हण त्या खडीवर निजलेल्यांविषयीं कोणाच्या तोंडून निघेल?

आतां धर्माच्या बाजूनें एक शंका येते, आणि ती रास्त आहे. ख्रिस्तसभा तर जागें राहण्यास सांगते. गेथशेमानेच्या बागेंत शिष्य झोंपले म्हणून प्रभूनें त्यांस बोल लाविला. मग फादर झोंपेची वकिली कां करतात? ह्यावर आमचें म्हणणें असें कीं, त्याच ठिकाणीं प्रभूनें त्यांच्या देहाच्या दुर्बळतेचाही उल्लेख केला आहे, आणि त्यांत रागापेक्षां कींव अधिक आहे. एलीया मरण मागून झुडपाखालीं पडला तेव्हां देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं. भाकर दिली, पाणी दिलें, पुन्हां निजूं दिलें, आणि मग पुन्हां उठवून जेवूं घातलें. त्रोवस येथें संत पौल मध्यरात्रींपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नांवाचा तरुण खिडकींत झोंप लागून तिसऱ्या मजल्यावरून पडला, त्या हकीकतींत पौलानें खालीं धांवत जाऊन त्यास कवटाळलें असें आहे. त्यास रागें भरल्याचें कोठेंही नाहीं. सेमिनरींत ही हकीकत आम्हीं लांब प्रवचनांवरील विनोद म्हणून वाचली होती. खांबाआडच्या त्या बंधूंच्या ओट्यावर बसलों तेव्हां ती आम्हांस निराळी वाचतां आली.

मठवासी तर जागरणासाठीं प्रसिद्ध. पण सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टानें जो नियम लिहिला त्यांत हिंवाळ्यांत मठवासीयांनीं रात्रीच्या आठव्या प्रहरघटिकेस उठावें असें सांगतांना कारणही दिलें आहे: रात्रीच्या अर्ध्याहून थोडी अधिक विश्रांति व्हावी व अन्न पचलेलें असावें. उन्हाळ्यांत दुपारच्या जेवणानंतर सर्वांनीं अंथरुणावर शांत पडावें, आणि कोणास वाचावयाचें असेल तर त्यानें दुसऱ्यास त्रास होणार नाहीं असें वाचावें, हेंही त्यांत आहे. चेन्नईच्या दुपारच्या झोंपेचा शोध चौदाशें वर्षें आधीं लागला होता म्हणावयाचा! आणि अलीकडचें पहा. पूर्वीं मिस्सा सकाळींच होत असे आणि ख्रिस्तशरीर घेणाऱ्यास मध्यरात्रींपासून पाणीही वर्ज्य असे. १९५३ सालीं बारावे पायस ह्या पोपमहाराजांनीं तो नियम सैल केला, पाण्यानें उपवास मोडत नाहीं असें ठरविलें आणि सायंकाळच्या मिस्सेस वाट दिली. त्यांनीं दिलेल्या कारणांत रात्रंदिवस पाळ्यांनीं काम करणाऱ्या मजुरांचें नांव घेतलें आहे. रोमेस जें दिसलें तें आम्हांस शेवटच्या बांकावर दिसण्यास किती वर्षें लागलीं, ह्याची आम्हांस लाज वाटते.

म्हणून मंडळाच्या संमतीनें कांहीं गोष्टी ठरविल्या आहेत, त्या सांगून पुरें करतों. शनिवारीं सायंकाळीं रविवारची म्हणून मिस्सा ह्यापुढें नियमानें होईल. रात्रपाळीस जाणाऱ्यांनीं ती करून कामास जावें, त्यांचें रविवारचें कर्तव्य पुरें होतें. नाताळची मध्यरात्रींची मिस्सा आपण सोडणार नाहीं, ती आम्हांसही प्रिय आहे. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं येणारा कमी भाविक, असा जो समज आहे तो आज येथेंच टाकावा. चर्चमागील दिवाणखाना दुपारीं एक ते तीन उघडा राहील. चटया, पंखे आणि काळे पडदे बसविले आहेत. एका खोलींत राहणाऱ्या, रात्रीं काम करणाऱ्या कोणाही माणसानें, मग तो आपल्या धर्माचा असो वा नसो, तेथें येऊन निजावें. तेथें प्रार्थना, वर्ग, सभा कांहीं होणार नाहीं. मुलांनीं त्या वेळीं त्या बाजूस चेंडू खेळूं नये. जो झोंपेंत मोठ्यानें घोरतो व मधूनच ज्याचा श्वास अडतो, त्यानें मात्र आमच्या चटईवर विसंबून न राहतां वैद्यास दाखवावें. तो रोग आहे आणि त्यावर उपाय आहेत. ज्या घरीं पाणी रात्रीं येतें त्या घरच्या पुरुषांनीं आळीपाळीनें उठावें. हें सांगतांच भगिनींच्या बाजूनें टाळ्या झाल्या आणि पुरुषांच्या बाजूनें शांतता पसरली, ती चिटणिसांनीं टिपून ठेवावी.

राहिला ज्युबिलीचा कार्यक्रम. २००० सालच्या नियमानें रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. दुसऱ्यांच्या उत्सवांविषयीं आपण हा नियम तोंडपाठ म्हणतों. आपला बँड, आपलीं गाणीं आणि आपलीं भाषणें साडेनऊस थांबतील. आतां नऊ वाजून गेले आहेत. डाव्या बाजूस रेल्वेचे सहा बंधु बसले आहेत, त्यांस पहांटेची पाळी आहे. त्यांचा फराळ आधीं वाढावा आणि त्यांस जाऊं द्यावें.